पौराणिक नाटकांचा कपडेपट

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटककारांची चरित्रे लिहिली, संहिता छापल्या, पदांच्या चाली नोंदविल्या आणि गायक-नटांच्या आठवणीही मोठ्या आस्थेने जपल्या. परंतु ज्या वस्त्रालंकारांनी सजून हे नट प्रेक्षकांपुढे कृष्ण, अर्जुन, रुक्मिणी किंवा द्रौपदी म्हणून उभे राहत, त्यांचा विचार मात्र तुटक उल्लेखांपलीकडे फारसा गेलेला दिसत नाही. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात 'कपडेपट' नावाचा एक स्वतंत्र विभाग असे. पेट्यांत घड्या घालून ठेवलेले शालू, शेले, पीतांबर, किरीट, भुजबंद, टोप आणि गंगावने यांची निगा राखणारी माणसे त्यासाठी नेमलेली असत. मंडळीचा दौरा बडोद्यास असो, इंदुरास असो वा हुबळीस, पडद्यांच्या बरोबरीने या पेट्यांचीही वाहतूक काळजीने होई. या कपडेपटाकडे केवळ सजावटीचे सामान म्हणून न पाहता नाट्येतिहासाचे एक साधन म्हणून पाहावे, या हेतूने प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पौराणिक नाटकांतील वेषभूषेवर एक आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो. कृष्णाच्या अंगावर मखमलीचा जरीकाम केलेला अंगरखा, द्रौपदीच्या अंगावर शिवलेली चोळी व नऊवारी शालू, हे सारे कालविपर्यासाचे आहे, असा तो आक्षेप होय. वस्तुस्थिती म्हणून तो खराच आहे. पण त्याने पुढचा प्रश्न सुटत नाही. आपल्या रंगभूमीने पुराणकालीन पोशाख जसाच्या तसा उभा करण्याचा पत्करच कधी घेतला नव्हता. रंगमंचावरील वेष हा नट आणि प्रेक्षक यांच्यातील एक संकेत असतो. कोण आले, कोणत्या पदाचे आले, कोणत्या अवस्थेत आले, हे पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच प्रेक्षकास कळावे, हे त्या संकेताचे कार्य. हा संकेत शंभर-सव्वाशे वर्षांत तीनचार वेळा पालटला. तो का पालटला हे पाहू गेल्यास, आपल्या समाजाने रामायण-महाभारताकडून निरनिराळ्या काळी काय मागितले, याचा चांगला बोध होतो.

या विचाराला आपल्याकडे शास्त्राचाही आधार आहे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांपैकी आहार्य म्हणजे वेष, अलंकार, रंग इत्यादी बाहेरून आणलेल्या साधनांनी होणारा अभिनय. वेषरचनेला 'अभिनय' म्हणणे यातच भरताची दृष्टी दिसून येते. वेष हा नटावर घातलेला साज नसून तो अर्थ सांगण्याचा एक मार्ग आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आहार्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार विभाग करून भरताने वेषाचेही शुद्ध, विचित्र व मलिन असे तीन वर्ग पाडले. देवकार्यास व मंगलप्रसंगी शुद्ध, देव-दानव व राजे यांना विचित्र, म्हणजे नाना रंगांचा, आणि उन्मत्त किंवा आपद्ग्रस्तांना मलिन वेष, अशी ती व्यवस्था आहे. हे वर्गीकरण कोणत्या काळी कोणते वस्त्र नेसत याचे नाही. पात्राच्या अवस्थेचे आहे. शास्त्रकार व्यवहारातही किती मुरलेले होते पाहा: नटाला खरे जड दागिने घालू नयेत, त्याने तो थकतो व प्रयोगास बाध येतो, म्हणून लाख, तांब्याचे पातळ पत्रे अशा हलक्या द्रव्यांचे अलंकार करावेत, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. पुढे आमच्या रंगभूमीवर खऱ्या जरीची व खऱ्या दागिन्यांची जी हौस उत्पन्न झाली, तिच्या संदर्भात हा सल्ला लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्राचीन पोशाखाचा पुरावाही थोडक्यात पाहून घेऊ. भारहूत व सांची येथील शिल्पांत स्त्रिया व पुरुष बहुतांशी न शिवलेली वस्त्रे नेसलेले दिसतात: कमरेस एक, खांद्यावर एक, आणि अंगावर भरपूर अलंकार. अजिंठ्याच्या चित्रांत शिवलेल्या चोळ्या आणि अंगरखेही आढळतात. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा ती 'एकवस्त्रा' होती, असे स्पष्ट सांगितले आहे आणि त्या प्रसंगाची दाहकता त्या एका शब्दात साठलेली आहे. यांपैकी काहीही आमच्या रंगभूमीने आदर्श म्हणून घेतले नाही. तिने आपला पहिला वेष घेतला तो पुराणवस्तूंकडून नव्हे, तर जिवंत लोकनाट्याकडून.

कोकण आणि गोमंतकातील दशावतारी काल्याची परंपरा आजही चालू आहे. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि वेद चोरणारा संकासुर येतो. त्यानंतर उत्तररात्री आख्यान लागते. संकासुराचा वेष ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. डोक्यापासून पायापर्यंत काळे वस्त्र, तोंडही काळ्या कापडाने झाकलेले आणि त्यातून लोंबणारी लांब तांबडी जीभ. या वेषाला भूगोल नाही, इतिहासही नाही. पण मांडवातील लहान मूलही त्याला ओळखते. भीती आणि थट्टा या दोन्ही गोष्टी एकाच काळ्या झुलीत बांधल्या आहेत. दशावतारी नट आपला वेष स्वतःच बाळगतो आणि रंगही स्वतःच भरतो. सफेदा, हिंगूळ, काजळ ही त्याची जुनी सामग्री. देवांचे मुखवटे ज्या पेटाऱ्यात असतात त्याची पूजा होते. वेषाला पूज्यत्व आहे, कारण त्या वेषाखेरीज देव येत नाही, ही श्रद्धा त्यामागे आहे.

दक्षिणेकडे उत्तर कानड्यात यक्षगानाची परंपरा याहूनही रेखीव. तेथील योद्ध्यांची मोठी शिरोभूषणे, हलक्या लाकडाचे कोरून सोनेरी बेगड व आरशांचे तुकडे जडविलेले भुजभूषण व उरोभूषण, आणि राक्षसांच्या मुखावर तांदळाच्या पिठीने उठविलेले ठिपके यांनी नटाची मानवी आकृती जवळजवळ पुसून टाकली जाते. मशालींच्या हलत्या उजेडात ते आरसे चमकू लागले की प्रेक्षकांपुढे माणूस उरत नाही, केवळ वीर किंवा दैत्य उरतो.

याच उत्तर कानड्यातील, होनावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीस आली. तिचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी, हेच आपल्या भाषेत अधिक सुधारलेल्या रीतीने व्हावे, अशी इच्छा विष्णुदास भावे यांच्याजवळ व्यक्त केली आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग झाला. ही हकीकत सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, भाव्यांच्या मंडळीत नटांची विभागणीच वेषावरून होत असे. देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी, असे तीन वर्ग होते. पात्राचे नाव रावण असो वा कीचक, राक्षसपार्टीचा नट तांबड्या-काळ्या रंगाने माखलेले तोंड, पिंजारलेले केस व हातात तलवार घेऊन आरोळ्या ठोकीत येई. सरस्वती मोरावर बसून नाचत येई, म्हणजे मोराची आकृती नटाच्या कमरेस बांधलेली असे. अशा नाटकांना पुढे 'तागडथोम' किंवा 'अललडुर्र' म्हणून हिणविण्यात आले. परंतु आमच्या मते तो उपहास थोडा उतावळेपणाचा होता. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे भाषण बहुधा आयत्या वेळी रचून करीत. छापील संहितेचा आधार नसलेल्या त्या खेळात कथेची ओळख पटवून देण्याचे निम्मे ओझे वेषावरच होते. वेष ठळक नसता तर उघड्यावर, मशालींच्या धुरात, मागच्या रांगेतील माणसास काय कळले असते? १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांची मंडळी राजाश्रयावाचून गावोगाव फिरू लागली, १८५३ मध्ये मुंबईसही गेली. त्या अनोळखी श्रोत्यांपुढे तिचे काम निभावले ते या वेषसंकेताच्या बळावरही होय.

दुसरा पालट बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या हातून घडला. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब बेळगावास असतानाच नाटकाच्या नादी लागले होते. १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' त्यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षक नाट्यगृहात आला होता, पुढे पडदा होता, संवाद लिहिलेले होते आणि पात्रे स्वतः गात होती. आता देव, राक्षस आणि स्त्री एवढ्या तीन वर्गांत पात्रे मावेनात. दुष्यंत आणि कण्व, बलराम आणि कृष्ण यांचे स्वभाव वेगळे दाखवायचे, तर वेषही वेगळा हवा. पारशी मंडळ्यांचा थाट अण्णासाहेबांनी पाहिला होता. तो थाट त्यांनी घेतला, पण तो बेतशीर ठेवला. स्त्रीभूमिकांना मराठी घरातील लुगडे आणि खोपा आला. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रेच्या भूमिकेत उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांना द्वारकेची राजकन्या दिसली, पण ती आपल्याच वाड्यातील, लग्न ठरवताना जिला कोणी विचारले नाही अशी मुलगी म्हणून दिसली. वेषाने पुराण घरात आणले, असे म्हणण्यास हरकत नाही.

'सौभद्रा'त वेषाचे आणखी एक कार्य आहे आणि त्याकडे अध्यापकांचे लक्ष आम्ही विशेष वेधू इच्छितो. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेऊन येतो. बलराम त्या भगव्या वस्त्रांवर भाळतो आणि आपण होऊन सुभद्रेला त्या यतीच्या सेवेस ठेवतो. प्रेक्षकास खरे ठाऊक आहे, कृष्णास ठाऊक आहे, बलरामास मात्र वेषापलीकडचे दिसत नाही. सारा विनोद आणि सारा गुंता या एका वेषांतरावर उभा आहे. महाभारत हे अशा वेषांतरांनी भरलेले आहे. अज्ञातवासातील कंक, बल्लव, बृहन्नडा आणि सैरंध्री, नलोपाख्यानातील बाहुक, लाक्षागृहातून निसटल्यावर ब्राह्मणवेषाने हिंडणारे पांडव, ही काही ठळक उदाहरणे. म्हणजे मूळ कथेतच वस्त्र हे कथानकाचे अंग आहे. वस्त्राने माणूस लपतो आणि वस्त्रानेच उघडा पडतो. रंगभूमीने वेषाला महत्त्व दिले ते पदरचे दिले नाही. महाकाव्यातच ते होते.

तिसरा पालट नाट्यगृहाबाहेर, चित्रशाळेत झाला आणि त्याचा बडोद्याशी निकटचा संबंध आहे. सयाजीराव महाराजांनी १८८८ च्या सुमारास राजा रविवर्मा यांजकडे पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे सोपविली. हे काम हाती घेण्यापूर्वी रविवर्मा यांनी भारतभर प्रवास करून, पुराणपात्रांस शोभेल असा सर्व देशास मान्य होणारा जुना पोशाख मिळतो का, याचा शोध केला. असा एकच पोशाख त्यांस कोठे मिळाला नाही. तेव्हा त्यांनी साडी पत्करली आणि तिच्या अनेक नेसणींपैकी महाराष्ट्रीय नेसणीलाही आपल्या चित्रांत मानाची जागा दिली. बडोद्याच्या संग्रहातील अर्जुन व सुभद्रा यांचे चित्र पाहावे. सुभद्रेच्या पदराची चुणी, दागिन्यांची बेतलेली जागा आणि वस्त्राचे वजन यांत चित्रकाराने जिवंत बाईचा देह पाहिलेला आहे. १८९४ मध्ये मुंबईस त्यांचा शिळाप्रेस निघाला आणि या देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी भिंतीवर लागल्या. त्यानंतर प्रेक्षक नाटकास येताना लक्ष्मी व सरस्वती कशा दिसतात याची एक पक्की प्रतिमा मनात घेऊन येऊ लागला. कपडेपटाला आता दशावतारी पेटाऱ्याशी नव्हे, तर भिंतीवरच्या तसबिरीशी जुळते घ्यावे लागले. देणेघेणे अर्थात दुतर्फी होते, कारण त्या चित्रांतील बैठका आणि हातांचे अभिनय यांवर नाटकाचीही छाया आहे.

या चित्रपरंपरेचे पुढचे टोक दादासाहेब फाळके यांच्यापाशी पोहोचते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी रविवर्मा यांच्या छापखान्यातही काही काळ काम केले होते. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. १९१७ च्या 'लंकादहना'त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मूकपटात आवाज नाही, गाणे नाही, चेहरा एकच. तरीही प्रेक्षकांनी राम आणि सीता वेगळे ओळखले, दोघांनाही हात जोडले. वेषाच्या संकेताची शक्ती किती, याचे याहून निर्णायक उदाहरण आम्हांस दुसरे आढळलेले नाही.

या शक्तीचा राजकीय उपयोगही याच काळात झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातील, पात्रे विराटाच्या दरबारातील, आणि लॉर्ड कर्झन हे नाव नाटकात कोठेही नाही. तरीही कीचक म्हणजे कोण, सैरंध्री म्हणजे कोण, युधिष्ठिर व भीम म्हणजे कोणते दोन पक्ष, हे प्रेक्षकांनी न सांगता ओळखले. पुराणवेष हेच त्या नाटकाचे चिलखत होते. कीचकाला साहेबी टोपी घातली असती तर नाटक पहिल्याच दिवशी बंद पडते, आणि ते प्रहसनही झाले असते. किरीट-कुंडलांमुळे राग टिकला व त्यास धर्माचे अधिष्ठान मिळाले. सरकारलाही हे अखेर उमगले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. अज्ञातवासात वेष पालटलेल्या पांडवांची कथा स्वतःच वेष पालटून रंगभूमीवर वावरत होती, ही गोष्ट मार्मिक आहे.

चौथा पालट बालगंधर्वांचा. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तिला सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. १९१६ च्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि १९२० मधील 'द्रौपदी' या दोन भूमिकांनी पौराणिक नाटकाच्या कपडेपटाला त्याचे परमवैभव दिले. खरी जर, खरे शालू, उंची पैठण्या, ताजी फुले आणि अत्तरे यांवाचून बालगंधर्वांचे चालत नसे. त्यांची साडी नेसण्याची ढब, केशरचना आणि दागिन्यांची निवड सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी उचलली. यापूर्वी रंगभूमी घराकडून वेष घेत होती. आता घर रंगभूमीकडून घेऊ लागले. एका पुरुष नटाने मराठी स्त्रीला नेसण्याची नवी रीत दाखविली, याचा अर्थ पुरता उलगडण्यास आजही वाव आहे. एक गोष्ट मात्र निश्चित म्हणता येते. त्या वेषात थट्टेचा लवलेश नव्हता. स्त्रीवेष धारण करणे हे बालगंधर्वांनी साधनेच्या पातळीवर नेले.

परंतु येथेच वेषाचा मूळ हेतू आणि वेषाचे वैभव यांची फारकतही सुरू झाली. 'स्वयंवरा'त रुक्मिणीचा शृंगार कथेला पोषक आहे. ती राजकन्या आहे, वधू आहे, तिच्या मनातील उत्कंठा तिच्या साजात उतरली तर ते शोभतेच. 'द्रौपदी'ची गोष्ट निराळी आहे. सभापर्वातील द्रौपदीची सारी शक्ती तिच्या एकवस्त्र, मुक्तकेश अवस्थेत आहे. भरताच्या भाषेत तेथे विचित्र वेषाचे मलिन वेषात रूपांतर व्हावयास हवे. वैभवाची चटक लागलेल्या रंगभूमीला हे रूपांतर जड गेले, असे आमचे मत आहे. 'द्रौपदी'च्या उभारणीवर मंडळीने अफाट खर्च केला. गाणे आणि देखावा यांचा बोलबाला झाला. कर्जाच्या ओझ्याखाली मंडळीची पुढील वर्षे कशी गेली ते नाट्यप्रेमी जाणतात. त्याला कारणे अनेक होती आणि केवळ शालूंवर त्याचा बोजा टाकणे अन्यायाचे होईल. तथापि लाखेचे व पातळ पत्र्याचे अलंकार करावेत, असे सांगणाऱ्या भरतमुनींचा उपदेश केवळ नटाच्या थकव्यापुरता नव्हता, हे या इतिहासावरून पटते.

पुढे स्त्रिया स्वतः रंगभूमीवर आल्या. हिराबाई बडोदेकर यांनी १९३० च्या आगेमागे स्वतःच्या मंडळीतून संगीत नाटके केली. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतरा'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात गोमंतकातील ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. स्त्रीने स्त्रीची भूमिका केली की स्त्रीत्व सिद्ध करण्याचे वेषाचे काम संपते. गंगावने, भरगच्च दागिने, जाणूनबुजून पुढे आणलेला पदर, हे सारे एकाएकी अनावश्यक वाटू लागले. सामाजिक नाटकांत साधे पातळ आले. बोलपटांनीही पौराणिक कथांचा मोठा भाग आपल्याकडे ओढून नेला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून दिसल्या. पौराणिक नाटकाचा कपडेपट हळूहळू पेट्यांतच राहिला, मग विकला गेला, आणि शेवटी भाड्याने पोशाख देणाऱ्यांच्या दुकानांत त्याचे अवशेष तेवढे उरले.

हा वारसा थट्टेचाही विषय झाला, आणि त्यात अनुचित काही नाही. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाने १९८० पासून, मच्छिंद्र कांबळी यांच्या नेतृत्वाखाली, पाच हजारांहून अधिक प्रयोगांत लोकांना हसविले. गावातील हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ करू पाहतात आणि पोशाखापासून पात्रांपर्यंत सर्वत्र घोटाळा उडतो, हा त्याचा विषय. ज्या संकेतावर एके काळी श्रद्धा होती, तो संकेत सर्वांच्या अंगवळणी पडलेला असल्याखेरीज असे हसता येत नाही. उलट, १९८७ ते १९९० या काळात दूरदर्शनवर आलेल्या 'रामायण' व 'महाभारत' या मालिकांतील किरीट आणि शेले पाहताना, रविवर्म्यांच्या तसबिरी व कंपनी नाटकांचे कपडेपट यांचीच वंशावळ डोळ्यांपुढे येते. लक्षावधी प्रेक्षकांनी ते पोशाख 'खरे' मानले. शंभर वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला संकेत आता प्राचीन सत्य म्हणून मिरवू लागला आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून भाड्याने आणलेला चमकदार किरीट मुलाच्या डोक्यावर ठेवला की राम झाला, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली.

यावर उपाय म्हणून सांचीच्या शिल्पांप्रमाणे पोशाख शिवावेत, असे आम्ही सुचवीत नाही. पुराणकथा ही एका काळाची नाही. म्हणून तिला एका काळाचा पोशाखही नाही. सुचवावयाचे ते एवढेच की, पौराणिक नाटक बसविताना अध्यापकाने प्रथम विचारावे: या पात्राची अवस्था कोणती, त्याने काय लपविले आहे, आणि प्रेक्षकास ते कोणत्या क्षणी कळावयास हवे? मग साधे पंचे-उपरणे आणि एक भगवी छाटी यांनीही अर्जुनाचा यती उभा राहील. भाड्याचा किरीट नसला तरी चालेल. द्रौपदीच्या प्रवेशात चमकदार शालूपेक्षा एक साधे लुगडे आणि मोकळे केस अधिक सांगतील. दशावतारी नट कोणत्याही पुस्तकावाचून हे जाणतो.

दुसरी विनंती आमच्या साहित्यसंस्थांना आहे. बृहन्महाराष्ट्रातील आमच्या गावांनी या मंडळ्यांना आश्रय दिला, बिऱ्हाडे दिली, प्रेक्षक दिला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद आणि गोव्यातील गावे यांतील जुन्या घरांत नटांची छायाचित्रे, नाटकांच्या जाहिराती, क्वचित एखादा शेला, एखादा बेगडी भुजबंद अजूनही सापडण्याचा संभव आहे. छायाचित्राच्या मागे नाटकाचे, नटाचे व सालाचे नाव लिहून ठेवले नाही, तर पुढील पिढीला ते एक अनोळखी माणूस व अनोळखी वस्त्र एवढेच उरेल. कापड कागदाहून लवकर कुजते. जर काळी पडते. टोपाचे केस गळून जातात. ग्रंथालयाने पुस्तकांची सूची करावी तशी या वस्तूंची सूची करावी, वस्त्राची नेसण माहीत असलेल्या वृद्धांकडून ती समजून घेऊन लिहून ठेवावी आणि दशावतारी नटांस वेष व रंग यांविषयी विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत नोंदवावीत. या कामास मोठा निधी लागत नाही. एक वही, एक छायाचित्रयंत्र आणि दोनचार चिकाटीचे सभासद पुरतात. आमच्या संस्थांच्या येत्या वार्षिक सभांपुढे हा विषय ठेवला जावा, अशी आमची सूचना आहे.